पुढचं दार

१

रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी टपाल कचेरीतून निरोप आला की रस्ता बंद आहे, डाकेची गाडी येणार नाही, कुणी घराबाहेर पडू नये. दिलशादानं फोन उशीखाली सारला आणि पुन्हा रजईत शिरली. बारा वर्षं एकाच खिडकीमागे बसून तिकिटं विकणाऱ्या बाईला अशी आयती सुट्टी म्हणजे काय, हे रोज कामावर जाणाऱ्यालाच कळेल. उठायचं नाही, या नुसत्या विचारानंच तिला छान वाटलं.

हमाम पहाटेच पेटला होता. तिचा नवरा फयाज यानं बाहेरच्या तोंडातून सफरचंदाच्या लाकडाचे दोन ओंडके आत सारले होते आणि खोलीच्या फरशीखाली ते सावकाश जळत होते. त्या खोलीत पाठ टेकली की हाडांत मुरलेला गारठा निघून जातो. दिलशादानं अंगातल्या सैल फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेतली, समोवारमधला मिठाचा गुलाबी चहा पेल्यात ओतला आणि तिळाची गोल चोचवोर रोटी त्यात बुडवून खात बसली. बांदीपोरच्या हिवाळ्यात माणसाला याहून जास्त काही लागत नाही.

"आज जेवायला काय?" फयाजनं विचारलं. तो बूट चढवत होता.

"वाळवलेली वांगी."

"सुट्टीच्या दिवशी वांगी? जरा माणसासारखं खाऊ घाल की."

"माणसासारखं काम करा, माणसासारखं मिळेल. छपरावरचा बर्फ कोण पाडणार? मी?"

"आधी हमीदाकडचा पाडतो. बहीण माझी, छप्पर तिचं जुनं, नवरा तिचा आळशी. आपला पत्रा उताराचा आहे. आपोआप घसरतं सगळं."

बोलून गेला आणि बुटाच्या नाडीवर वाकला. दिलशादा पेल्यात बघत राहिली.

तेवढ्यात बिस्मा पळत आली. आठ वर्षांची पोर, नाक लाल. "मम्मी, आज नवशीन! पहिला बर्फ! आता तुला कोण हरवणार?"

पहिल्या बर्फाच्या दिवशी खोऱ्यातली शहाणी माणसंसुद्धा पोरांसारखी वागतात. चिमूटभर बर्फ कशाततरी लपवून समोरच्याच्या हातात ठेवायचा. त्यानं न ओळखता तो घेतला की "नवशीन मुबारक" म्हणायचं. घेणारा हरला, आणि देणारा मागेल ते त्यानं द्यायचं. दिलशादा अकरा वर्षांत एकदाही हरली नव्हती. तिचा धाकटा भाऊ शौकत दरवर्षी नवी युक्ती काढायचा. एकदा चोचवोर पोखरून तिच्यात बर्फ भरून आणला. एकदा तर रजिस्टर पार्सल करून तिच्याच खिडकीवर पाठवला. तिनं ओल्या पुड्याकडे एक नजर टाकली आणि "पत्ता अपुरा" असा शिक्का मारून परत धाडला. सबंध कचेरी आठवडाभर हसत होती.

मागच्या वर्षी याच दिवशी शौकत त्यांच्या पुढच्या दाराशी मेला. छपरावरचा बर्फ घसरून त्याच्या अंगावर आला.

तेव्हापासून ते दार बंद होतं. आतून कडी, खाली फटीला नमद्याच्या लोकरी जाजमाची जाड गुंडाळी. येणारा-जाणारा मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं यायचा. दुधवाला, शेजारची राजामासी, सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"चार वाजेपर्यंत येतो," फयाज म्हणाला. "आलो की आपलं छप्पर साफ करतो. तोवर पुढच्या बाजूला कुणी जायचं नाही. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"आणि वांगी नकोत."

२

तो गेल्यावर घरात मऊ शांतता पसरली. बर्फाची शांतता वेगळीच असते, जरा दडपणारी, पण आत ऊब असली की तीही बरी वाटते. चुलीवर वांगी रटरटत होती, कारण वांगीच होणार होती. बिस्मा पोटावर पडून रंगीत खडूंनी घोडा काढत होती आणि त्याला सहा पाय झाले होते.

दिलशादानं गालाखाली हात घेतला. फरशी गरम होती. गेल्या वर्षभरात ती या खोलीत अशी पडली नव्हती. यायची, झाडायची, जायची. आज म्हटलं, पडू या. किती दिवस स्वतःला छळायचं?

टक, टक.

तिनं डोळे उघडले. थोडं थांबून पुन्हा एकदा, टक.

राजामासी असेल, असं आधी वाटलं. पण राजामासी दार वाजवत नाही. ती ओरडत ओरडत आत येते आणि आधी पातेल्यावरचं झाकण उचलते. शिवाय आवाज स्वयंपाकघराकडून आला नव्हता.

"काही ऐकलंस का?" तिनं बिस्माला विचारलं.

"नाही. मम्मी, घोड्याला पाय किती?"

दिलशादा उठून पुढच्या खोलीत गेली. तिथला गारठा अंगावर आला. खिडकीची वाफ बाहीनं पुसून तिनं बाहेर पाहिलं. पायरीवर गुडघाभर बर्फ साचला होता. वरून सपाट, गुळगुळीत. पावलाची एक खूण नाही, पाखराचीसुद्धा नाही.

पत्रा आक्रसतो, तिनं स्वतःला समजावलं. थंडीत खिळे वाजतात. टपालात काम करणाऱ्या बाईला एवढं कळतं की पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसलं, तरी ते कुठूनतरी आलेलं असतंच. आवाजाचंही तसंच.

वळता वळता तिचं लक्ष खाली गेलं. नमद्याची गुंडाळी दारापासून चार बोटं आत सरकली होती. बाहेरून कुणीतरी फटीतून ढकलावी तशी. तिनं पायानं ती जागेवर लावली. मोजा ओला झाला.

३

दिलशादानं एक गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, आईला नाही, नमाजाच्या चटईवर बसून अल्लालासुद्धा धड शब्दांत नाही.

मागच्या वर्षी दार वाजलं तेव्हा ती झोपली नव्हती.

त्या दिवशीही अशीच सुट्टी होती. फयाज कामावर, बिस्मा आजीकडे. दिलशादा हमाममध्ये एकटी पडली होती आणि शौकतनं पुढचं दार वाजवलं.

"दिदी, उघड. हे घे लवकर, हात गारठले."

"जा, जा," ती आतूनच ओरडली. "तुझा बर्फ तूच खा."

"बर्फ नाहीये गं. आईची शपथ."

"आईची शपथ गेल्या वर्षीही घेतली होतीस, गाढवा."

तो हसला. मग छपरावरून काहीतरी घरंगळत गेलं, धप्प झालं, खिडकीची काच थरथरली. त्यानंतर जरा वेळ काही नाही. आणि मग पुन्हा टकटक सुरू झाली. पण आता ती खालून येत होती, उंबऱ्याजवळून. सावकाश. आवाजही खालून आला, दबलेला. "दिदी, थट्टा नाही गं. उघड ना."

शौकत नकला फार छान करायचा. तिच्या लग्नात त्यानं फेफरं आल्याचं असं सोंग केलं होतं की हकीम धावत आला होता. आता पायरीवर बसकण मारून मला दया यायला लावतोय, असं तिला वाटलं. तिला हसूच आलं. ती कुशीवर वळली, गाल गरम दगडाला लावला, आणि ती टकटक ऐकता ऐकता तिला झोप लागली. इतकी गाढ, इतकी गोड झोप तिला जन्मात कधी लागली नव्हती. हे ती स्वतःला कधीच माफ करू शकली नाही.

चार वाजता फयाजनं फावड्यानं पायरी मोकळी केली तेव्हा तो सापडला. एक मूठ दाराला टेकलेली, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. डब्यात मटणाचा हरीसा होता, तिच्यासाठी आईनं पहाटेपासून घोटलेला. बर्फाचा कण नव्हता. डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास तरी जिवंत असावा.

"मला झोप लागली होती," दिलशादानं सगळ्यांना सांगितलं. "मी काही ऐकलं नाही."

आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ऐकलं नाहीस तेच बरं झालं, माझे बाळे," म्हातारी म्हणाली. "ऐकून उघडलं नसतंस तर कशी जगली असतीस?"

४

जेवताना बिस्मानं मान वर केली. तोंडात घास तसाच.

"मम्मी, माम दार वाजवतोय."

दिलशादाचा हात ताटात थांबला. "कोण?"

"शौकतमाम. पुढचं दार. खाली वाजवतो, बघ. बसून."

बिस्मा त्या दिवशी घरात नव्हती. खालून वाजल्याचं जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

मग दिलशादालाही ऐकू आलं. टक. टक. घाई नाही, राग नाही. दार उघडेलच, अशा खात्रीनं कुणीतरी वाजवत होतं.

तिनं फोन उचलला. फयाजचं नाव पडद्यावर आलं आणि अंगठा तिथंच अडला. काय सांगणार? शौकत वाजवतोय? कशावरून शौकत, असं तो विचारेल. मग सांगावं लागेल की हा आवाज मी ओळखते, कारण मागच्या वर्षीही मी तो ऐकला होता. तिनं फोन खाली ठेवला. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

ती पुढच्या खोलीत गेली. गुंडाळी पुन्हा आत सरकली होती, या वेळी वीतभर. दाराच्या पल्याडून, गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला.

"दिदी. हात गारठले."

तोच आवाज. सर्दी झाल्यासारखा, थोडा हसरा. हे माझ्या डोक्यात आहे, ती मनात म्हणाली. आज तारीख ती, बर्फ तो, मन खाणारच. पण मग पोरीनं काय ऐकलं? आणि समजा डोक्यातच असलं, तरी एकदा उघडून पाहायला काय जातं? मागच्या वर्षी तेवढंच तर करायचं होतं. उठायचं, चार पावलं चालायचं, कडी काढायची. त्या चार पावलांसाठी ती वर्षभर रडत होती. आता तीच चार पावलं कुणीतरी तिला परत देत होतं.

भाऊ असेल तर त्याला भेटायचं. पण जे काही आहे ते बिस्माच्या अंगावर येऊ द्यायचं नाही. एवढं तिनं पक्कं ठरवलं.

"बिस्मा, इकडे ये. तुझी बला मला लागो, नीट ऐक. मी पुढच्या दारानं जरा बाहेर जाते. मी गेले की आतून कडी लाव आणि हमाममध्ये जाऊन बस. पापा मागच्या दारानं येतील, त्यांनाच उघडायचं. बाकी कुणी हाक मारली तरी उघडायचं नाही."

"तू मारलीस तरी?"

जे तिला शौकतच्या आवाजात बोलावत होतं, ते बिस्माला तिच्या आवाजात बोलावू शकलं असतं.

"मी मारली तरी. मी रडले, ओरडले, तरी नाही. आज नवशीन ना? मी तुला फसवायला बघणार. तू फसायचं नाही."

पोरीचे डोळे चमकले. वर्षभर या घरात कुणी खेळलं नव्हतं. "आणि नाही फसले तर?"

"मागशील ते देईन."

"मांजर!"

"मांजर," दिलशादा म्हणाली आणि तिनं कडी काढली. आपण परत आत कसं यायचं, याचा तिनं विचारच केला नाही.

५

दार आत ओढलं तशी समोर बर्फाची गुडघाभर भिंत उभी राहिली. दाराच्या लाकडाच्या रेघा तिच्यावर उमटल्या होत्या. आणि अगदी खाली, उंबऱ्यालगत, एक खळगा होता. मुठीएवढा.

बाहेर कुणी नव्हतं. आवार पांढरं, कुंपण पांढरं, पलीकडचे सफरचंदाचे बुंधे तेवढे काळे. ती भिंत ओलांडून पायरीवर उतरली. मागे कडी लागली, बिस्मा खिदळली आणि तिची पावलं आत पळाली.

"शौकत?" दिलशादा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आले रे मी. उघडलं दार."

काही नाही. मग तिच्या उजव्या पायाशी बर्फ किंचित उचलला गेला आणि बसला. झोपलेल्या माणसाच्या छातीवरची रजई हलावी, तेवढाच.

ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली. फयाजनं बजावलेलं तिला आठवलं, आणि आठवूनही ती उठली नाही. बोटं बधिर झाली. वरचा थर मऊ होता, खालचा कडक. त्याच्याही खाली करड्या लोकरीच्या बाहीचं टोक दिसलं. बाहीतून चार बोटं बाहेर आली होती, नखं निळी. बोटांत फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. चेहरा दिसला नाही. तिनं तिथवर उकरलं नाही. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

"दे," ती रडत म्हणाली. "दे रे माझ्या राजा. या वेळी घेते मी."

तिनं दोन्ही हातांनी ते गाठोडं घेतलं. बोटांनी ते सहज सोडलं. गाठोडं हलकं होतं, फार हलकं. दाबताच आत भुसभुशीत काहीतरी चुरलं आणि फडक्यातून गार पाणी तिच्या मनगटावर ओघळलं. डबा नव्हता. आत नुसता बर्फ होता.

"नवशीन मुबारक, दिदी," कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं. आवाज फार खूश होता.

काय हवं ते त्यानं सांगितलं नाही. वर पत्रा कुरकुरला. मग सबंध छपरावरून एक लांब घरंगळ सुरू झाली.

६

शुद्ध आली तेव्हा बर्फ तिच्या छातीपर्यंत होता. एक पाय कुठंतरी वाकडा अडकला होता आणि आता दुखतही नव्हता. डावा हात खाली गाडलेला. उजवा तेवढा मोकळा होता आणि तो दारापर्यंत पोचत होता, खाली, उंबऱ्याच्या जरा वर. छपराचं वरचं अर्धं ओझं अजून तसंच होतं. मान वळवली की त्याची पांढरी कड दिसत होती, पुढे आलेली. एक वाजला असेल. फयाज चारला येणार होता.

तिनं दार वाजवलं. "बिस्मा! बिस्मा, दार उघड!"

आतून पावलं आली. दाराच्या पल्याड श्वास ऐकू आला, दाबलेलं हसू ऐकू आलं.

"नाही! मी नाही फसायची!"

"बाळा, मी खरंच अडकलेय. उघड. नाहीतर मागच्या दारानं राजामासीकडे जा, तिला सांग."

"तू म्हणाली होतीस, रडले तरी उघडू नकोस! मला सगळं कळतं!"

"बिस्मा, थट्टा नाही गं. उघड ना."

शब्द तोंडातून सुटले आणि दिलशादाला ते ऐकू आले. तिनं हात मागे घेतला.

चारला फयाज येईल आणि फावडं घेईल. मग सगळे जमतील, आणि कुणीतरी त्या पोरीला विचारेल, तू काही ऐकलंस का? ती खरं सांगेल किंवा खोटं सांगेल. खोटं सांगायला फार वर्षं लागत नाहीत, एका दुपारीत शिकता येतं. आणि मग हिला गरम फरशीवर कधी झोप लागणार नाही. दरवर्षी पहिला बर्फ पडला की ही पोर कानांवर उशी घेऊन बसेल. ते आयुष्य दिलशादा एक वर्ष जगली होती. आठ वर्षांच्या पोरीला ते द्यायचं, या विचारानं तिला मरणाहून जास्त भीती वाटली.

अजून ओरडावं, घसा फाटेपर्यंत ओरडावं, असं तिच्या शरीरातला कणन् कण म्हणत होता. तिनं ओठ चावला. श्वास घेतला. आणि होता नव्हता तेवढा आनंद आवाजात आणून ती हसली.

"अगं बाई! फसली नाहीस की तू! हरले मी, बिस्मा. हरले."

"खरंच?" पोर टाळ्या पिटत होती. "मांजर?"

"मांजर. पापांना सांग, मम्मीनं कबूल केलंय. आता मी मागं राजामासीकडे चाललेय, बसेन तिच्याशी गप्पा मारत. तू जा, हमाममध्ये झोप जा. छान गरम आहे."

"बरं." पावलं थोडी दूर गेली आणि परत आली. "मम्मी, मग शौकतमामला पण सांग ना. तो अजून वाजवतोय."

दिलशादाचा हात दारावर नव्हता. तो तिच्या छातीशी होता. तरी टकटक चालू होती, तिच्या डाव्या अंगाला, बर्फाच्या खाली, सावकाश.

"सांगते," ती म्हणाली. "तू जा."

गाडलेला डावा हात तिनं इंच इंच करत त्या आवाजाकडे नेला. तिथं एक मूठ होती. तिनं ती आपल्या बोटांत घेतली आणि घट्ट दाबून धरली, तशी ती वाजायची थांबली. आत बिस्माची पावलं हमामकडे गेली आणि त्या खोलीचं दार लागलं.